चौथी रात्र

सकाळी पावाच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी होत्या. ट्राउटमानबाईंनी सुरुवात केली.

"आमच्या घरावरची पाटी पाहिलीत, लिंडेमानबाई? 'महाकवी येथे तीन रात्री राहिले.'"

"पाहिली. चौथ्या रात्री ते आमच्याकडे आले."

"का बरं?"

"तुमच्या खापरपणजीचं कोबीचं सूप. त्यांनी पत्रातच लिहून ठेवलंय."

"आणि तुमच्याकडे आल्याचंही लिहिलंय?"

"ते कसं लिहितील? आमचे खापरपणजोबा परगावी गेले होते ना."

"मग नगरपालिका पाटी द्यायची नाही. पुरावा लागतो."

"चौकातला त्यांचा पुतळा बघा, आणि मग माझं नाक बघा."

"असलं नाक तर आपल्या पाववाल्याचंही आहे."

"त्यांच्याकडे ते पाचव्या रात्री होते."