'बगदादचे हर्णैकर' लिहिणाऱ्या जुबेदा मॅडम

अध्यक्षस्थानी असलेले आमचे ज्येष्ठ वाचक हरिश्चंद्र साळवी सर, मॅडमच्या शाळेतल्या जुन्या सहकारी, उत्तनहून मुद्दाम आलेल्या व्हेरा मॅडम, ज्यांना निरोप द्यायला जीभ रेटत नाही त्या जुबेदा मॅडम, आणि शांती नगर वाचक मंडळातल्या मित्रमैत्रिणींनो,

साळवी सरांनी मघाशी कानात सांगितलं, सुगंधाताई, त्या दिवसाचा विषय नको. सर, क्षमा असावी. दुसरं काय बोलू?

मॅडमनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर 'बगदादचे हर्णैकर' ही कादंबरी लिहिली. कोकणात हर्णै बंदरातलं एक मुसलमान घराणं. सुलतान आला की त्यांच्या काझीसाहेबांची दाढी लांब, गोरा साहेब आला की आखूड. पण प्रत्येक पिढीचं म्हणणं एकच, आपण इथले नव्हेच, बगदादचे. शेवटची पिढी इंग्लंडात जाते, तिथे कोणीतरी विचारतं, तुम्ही मूळचे कुठले? तेव्हा कुठे त्यांना हर्णै आठवतं आणि रडू येतं. आम्ही पोट धरून हसलो. आपले पूर्वज तरी कुठे साधे होते? सगळे सरदारच!

गेल्या सप्टेंबरात याच हॉलमध्ये वाचन ठेवलं होतं. लोकल गाड्यांतले स्फोट होऊन दोन महिने झाले होते. मीरा रोडला माणसं एकमेकांकडे चोरून बघत होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि दारातून त्यांचे थोरले दीर बशीरभाई आत आले. मागे पाच-सहा तरुण. आपल्या आजोबांची टिंगल केली आहे, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं.

"जुबेदा," ते म्हणाले, "बाहेर आधीच आपल्याकडे बोटं दाखवतायत. त्यात तू हसायला दिलंस."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. खरं सांगते, माझं लक्ष मागच्या दाराकडे होतं. मॅडम म्हणाल्या, "भाईजान, आजोबांचंच पान वाचते. ऐकून तुम्ही नको म्हणालात तर पुस्तक मागे घेईन."

त्यांनी वाचलं. आजोबा बोटीवर कोळसा ओढणारे खलाशी. विलायतेत कार्डिफ बंदरातल्या घरमालकिणीला सांगतात, मी नवाब आहे. ईदला उसनी शेरवानी घालून फोटो काढतात आणि गावी धाडतात. इथपर्यंत थोडे लोक हसले. पुढे आजोबा दार लावून खोलीत नखांतला कोळसा सुईने काढत बसतात, कारण नवाबाचे हात स्वच्छ हवेत.

एक तरुण पुढे सरकला. म्हणाला, "चाचा, बस हुआ. बंद करवाते हैं।"

"बैठो," बशीरभाई म्हणाले. मग खुर्चीची पाठ धरून मॅडमना म्हणाले, "शेरवानीच्या बाह्या आखूड होत्या. घरी फोटो आहे. ते तू लिहिलं नाहीस." आणि पहिल्या रांगेत बसले. "पुढचं वाच."

सगळं तिथेच गोड झालं असं समजू नका. सहा महिने ते मॅडमशी बोलले नाहीत. इकडे बिल्डिंगमधल्या काहींनी विचारायला सुरुवात केली, अशी पुस्तकं कोण छापतं, पैसे कोण देतं? तिकडे ओळखीचे सलाम घेईनासे झाले. आता मॅडम मुलाकडे इंग्लंडात लेस्टरला चालल्या आहेत. घाबरलात का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "नाही गं. थकले. मी कोणाच्या बाजूची, हे रोज कोणाकोणाला समजावू?" तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर आज त्यांना जाऊन सांगा.

बशीरभाई शेवटच्या रांगेत बसलेत. मंचावर यायला ते तयार नाहीत. पुस्तक मला अजून आवडत नाही, असं त्यांनी दारातच सांगितलं. मग म्हणाले, "पण परक्याने लिहिलं असतं तर फाडलं असतं. घरातलीने लिहिलं, म्हणून दोनदा वाचलं."

मॅडम, हॉल देणाऱ्यांचे, व्हेरा मॅडमचे आणि त्या दिवशी खुर्ची न सोडणाऱ्या प्रत्येकाचे आभार. पुढची कादंबरी आम्हा शांती नगरवाल्यांवर आहे, असं कानावर आलंय. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर कृपा करून पोटात घाला, पुस्तकात घालू नका.