तहानलेली तुळस

तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाकावर आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या साबणवाल्याने शेजारच्या सासरा-सुनेच्या वादाला नकळत कान दिला.

“कापणीआधी बारा दिवस पाणी तोडलंस, सूनबाई! तुळशीनं माना टाकल्या.”

“थोडी तहान सोसली, मामंजी, की पानात तेल दाटतं.”

“तहानलेली म्हैस जास्त दूध देते, म्हण की!”

“म्हैस नाही, तुळस आहे ती.”

“बघू. तेल कमी भरलं, तर पंपाची किल्ली माझ्याकडे.”

“कबूल.”

एवढ्यात तपासनीसाने खिडकीतून पुकारले, “तुळशीच्या दोन पिशव्या! वजन सारखंच, पण पहिलीत तेल दुसरीच्या दीडपट.”

“दुसरी पिशवी कुठली गं?”

“कडेच्या दोन ओळींची. तिथली माती रोज ओली लागायची, म्हणून वेगळी बांधली.”

सासरे बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“बादलीनं पाणी घालत होतो मी. बघवेना मला.”

“ठाऊक होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही थांबला असता. मग ताडून कशाशी पाहिलं असतं?”

“धन्य आहेस! किल्ली ठेव तुझ्याकडेच. आणि ती बादलीही उचलून ठेव. माझ्या हाताचा भरवसा नाही.”