बीटा कोणी काढला

भावजी : वहिनी, पडद्यावरचा तो शब्द कुठे गेला?

वहिनी : कुठला?

भावजी : तुला माहितेय कुठला. अॅपच्या नावाखाली सात वर्षं 'बीटा' लिहिलेलं होतं. आज सकाळी उघडलं तर नुसतं नाव. खाली काही नाही.

वहिनी : आहे की खाली. नीट बघा. फोन नंबर आहे.

भावजी : कुणाचा?

वहिनी : माझा. तक्रार असेल तर या नंबरवर करा, असं लिहिलंय.

भावजी : ज्यांचा आवाज गेलाय ते लोक आपलं अॅप वापरतात. आणि तू त्यांना फोन करायला सांगतेस?

वहिनी : अॅप बोलतं ना त्यांच्या वतीने. सकाळपासून तिघांनी केला. एकाने तर शिव्या घातल्या. उच्चार अगदी स्वच्छ होते.

भावजी : मला हसवू नकोस. कोणाला विचारून काढलास तो शब्द?

वहिनी : कोणाला विचारून ठेवला होता?

भावजी : वकिलाला. हे तुलाही माहितेय. बीटा म्हणजे अजून चाचणी चालू आहे. वापरा, पण आपल्या भरवशावर वापरा. तो शब्द आहे म्हणून आजपर्यंत कुणी आपल्याला कोर्टात खेचलं नाही.

वहिनी : दार लावा ते. खाली छपाईचं मशीन सुरू झालंय, मला ओरडून भांडावं लागेल.

भावजी : लावलं. आता सांग.

वहिनी : पहिल्या वर्षी तो शब्द मीच टाकला होता. तेव्हा खरंच चाचणी होती. 'पाणी द्या' लिहिलं की ते 'पाने द्या' म्हणायचं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, काढू या. तुम्ही म्हणालात, स्त्रीचा आवाज घालून होऊ दे. तो घातला. मग म्हणालात, लहान मुलांचा होऊ दे. मग अॅपने वाक्य आपणच पुरं करायला हवं, ते होऊ दे. दर वेळी काहीतरी व्हायचं राहिलेलंच.

भावजी : सुधारणा थांबवायच्या होत्या का?

वहिनी : सुधारणा कशाला थांबवायच्या? घरात रंगकाम चालतं म्हणून आपण येणाऱ्याला 'हे घर नाही' असं सांगतो का? हजारो लोक रोज सकाळी उठून त्याच्यावर बोलतात. दुकानात, नोकरीवर, डॉक्टरकडे. आणि काही चुकलं की आपण म्हणतो, अहो, ते अजून व्हायचंय.

भावजी : वहिनी, जरा माझ्या बाजूने बघ. उद्या एकाने दावा लावला तर ही कंपनी महिनाभर टिकणार नाही. माणसं किती आपण? आणि कंपनी गेली की अॅप गेलं. मग ते हजारो लोक कशाने बोलतील? मी काही माझी खुर्ची वाचवत नाहीये.

वहिनी : मी तसं म्हटलंही नाही.

भावजी : दादाला माहितेय?

वहिनी : तुमच्या दादाचा काय संबंध? ते दात काढतात, मी प्रोग्रॅम लिहिते. मी त्यांना विचारून लिहीत नाही, ते मला विचारून दात काढत नाहीत.

भावजी : ठीक आहे. मी शब्द परत टाकतो. अॅप बदलायची चावी माझ्याकडेही आहे.

वहिनी : टाका. मालक तुम्ही आहात. फक्त त्याआधी बाहेरच्या खोलीत जे बसलेत त्यांना भेटा.

भावजी : ते म्हातारे गृहस्थ? मला वाटलं खालच्या छापखान्यात आलेत.

वहिनी : आपल्याकडेच आलेत. मीच बोलावलं. काका, आत या. हे माझे धाकटे दीर. कंपनी यांची.

(काका आत येतात. गळ्याला रुमाल, हातात फोन. ते फोनवर लिहितात आणि फोन बोलतो.)

काका : नमस्कार. जिना फार उंच आहे.

भावजी : बसा ना काका. पाणी देऊ?

काका : नको. आधी बोलणं.

वहिनी : काका लिलाव पुकारायचे. जुनं फर्निचर, घड्याळं, भांडी. तीस वर्षं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला.

काका : तीन चौकांपलीकडून ऐकू यायचा. आता हा फोन. याचा आवाज बँकेतल्या साहेबासारखा आहे.

भावजी : आवाज बदलता येतो काका. मी दाखवतो.

वहिनी : ते नंतर. तीन महिन्यांपूर्वी काका पाय मोडून हॉस्पिटलमध्ये होते. हाताला सुई, एकच हात मोकळा. दुपारी पाय ठणकायला लागला. नर्सबाईंनी विचारलं, दुखतंय का? काकांनी 'दुख' एवढं लिहिलं. पुढचं अॅपने आपणच पुरं केलं आणि बोलून टाकलं. काय बोललं, ते सांगा काका.

काका : दुखत नाही.

भावजी : मग तुम्ही परत का नाही लिहिलं?

काका : फोन हातातून खाली पडला. नर्सबाई हसून गेल्या. संध्याकाळी मुलगी आली तेव्हा फोन उचलला.

भावजी : पण अॅप असं का करेल? ते माणसाच्या सवयीवरून शिकतं. जे वाक्य तो नेहमी बोलतो, तेच पुढे करतं.

वहिनी : तेच केलं त्याने. मी सगळं तपासलं. काकांची मुलगी रोज विचारायची, बाबा, दुखतंय का? आणि काका रोज लिहायचे, दुखत नाही. ऑपरेशन झाल्यापासून रोज.

भावजी : आणि दुखत होतं?

काका : दुखणारच की. तिला कशाला सांगायचं?

भावजी : मग काका, रागावू नका, पण अॅप बिघडलं नव्हतं. तुम्हीच त्याला ते वाक्य शिकवलंत. चूक असलीच तर...

वहिनी : भावजी, बाप मुलीला 'दुखत नाही' म्हणतो. ही चूक?

भावजी : चूक म्हणजे तसं नव्हे.

वहिनी : मग कसं? माणसं अशीच बोलतात, हे आपल्याला कळायला नको? त्यांच्यासाठी बोलायचं काम अंगावर घेतलंय आपण. त्यांच्या मुलीने आपल्याला लिहून कळवलं, तेव्हा आपण काय उत्तर दिलं?

भावजी : ठरलेलं उत्तर गेलं असेल. सगळ्यांना तेच जातं.

वहिनी : ते तुम्ही लिहिलंय. चार वर्षांपूर्वी, याच टेबलावर. आता काका समोर आहेत. त्यांना तोंडाने सांगा.

भावजी : वहिनी, हा काय प्रकार आहे?

वहिनी : काही नाही. एक वाक्य आहे, म्हणून दाखवा.

भावजी : 'सदर अॅप चाचणीच्या टप्प्यात असून वापरकर्त्याने त्यावर...'

वहिनी : पुढे?

भावजी : राहू दे.

काका : मी पुरं करू? मला पाठ आहे.

भावजी : नको काका.

काका : मी तुटक्या खुर्च्या विकल्या. तुटकी आहे असं ओरडून विकल्या. चाचणीची खुर्ची म्हणून एकही विकली नाही.

भावजी : पण काका, ही कंपनी बंद पडली तर तुम्ही काय कराल? मी ते खरंच विचारतोय.

काका : पाटी घेईन. खडू घेईन. पाटी माझं वाक्य पुरं करत नाही.

वहिनी : आता अॅपही करत नाही. काल ते काढून टाकलं मी. पुढचे शब्द दाखवतं, पण माणसाने बोट लावल्याशिवाय बोलत नाही. आणि वाक्यात 'नाही' असेल तर एकदा विचारून घेतं.

भावजी : हळू झालं असेल.

वहिनी : झालंय. सकाळच्या शिव्या त्यासाठीच होत्या. त्या मी ऐकून घेईन. पण 'आमचा काही संबंध नाही' हे माझ्या प्रोग्रॅमच्या नावाखाली आता राहणार नाही. परत टाकायचं असेल तर टाका, मग तो प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाकडून चालवून घ्या.

भावजी : धमकी देतेस?

वहिनी : नाही. सांगतेय.

भावजी : थांब, वकिलाचाच फोन आहे. हॅलो... हो, मीही सकाळीच पाहिलं... नाही, चुकून नाही गेला. काढलाय... आम्ही काढलाय... हो, आम्ही म्हणजे मीसुद्धा... ते मला कळतंय हो, सात वर्षं कळतंय... नाही, परत लागणार नाही. तुम्ही आता असं लिहा, की चुकलं तर आम्ही निस्तरू... कसं लिहायचं ते तुम्ही बघा, वकील तुम्ही आहात... बरं, या संध्याकाळी. ओरडायचं असेल तर इथे येऊन ओरडा.

वहिनी : काय म्हणाला?

भावजी : वेड लागलंय म्हणाला. कंपनी बुडवाल म्हणाला. बुडेलही कदाचित.

वहिनी : कदाचित.

भावजी : तू निदान 'नाही बुडणार' तरी म्हण.

वहिनी : खोटं कशाला बोलू?

भावजी : तो नंबर बदल.

वहिनी : भावजी, आत्ताच तर तुम्ही...

भावजी : अगं, तू दिवसभर फोन घेत बसलीस तर प्रोग्रॅम कोण लिहिणार? माझा टाक. काका, जरा इकडे सरकता का, खालच्या मशीनमुळे तुमचा फोन नीट ऐकू येत नाही. हां. आता त्या दुपारी काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा.

काका : मला वेळ लागतो.

भावजी : लागू दे.