पाचवा सामना

बाबांची उरलेली औषधं परत करायला मी रुग्णालयातल्या दुकानापाशी रांगेत उभी होते. पुढे मायलेक होते.

“आई, आपला बॅडमिंटन संघ हरला. तीन-दोन.”

“यंदाही उपांत्यपूर्व फेरीतच?”

“सलग नवव्यांदा. बाबांना जिंकले म्हणून सांगू?”

“अरे, ते वहीत लिहितात. तीस वर्षं एकेक निकाल नोंदवलाय. आता खोटा लिहायला लावतोस?”

“डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस.”

“ऐकलंय मी. आधी दोन-दोन बरोबरी होती ना?”

“हो.”

“मग तेवढंच सांग. म्हणावं, पाचवा सामना उद्यावर गेलाय.”

“हेही खोटंच की.”

“असू दे. निकाल लागल्याशिवाय ते वहीला हात लावत नाहीत.”