कुत्रीच्या गोष्टीतले आबा

गोदाबाई : सकायपासून दार लावून बसला हाये तुया भाऊ चंदन. आबा गेल्यावरची ही पयली आखाजी, त्यायच्या नावाची घागर भरून ठेवली म्या, अन् नातू खोलीतून निंगत नाई! प्राजक्ता, मोबाईल ठेव घागरीपुढं. चंदननं नेटवर टाकलेली ते अंतराळाची गोष्ट लाव, कुत्रीवाली.

प्राजक्ता : आजी, जेवून घे ना आधी.

गोदाबाई : आधी तो आवाज. आबा गेल्यावर एकदाबी नाई लावला, आजच्यासाठीच जपला होता.

प्राजक्ता : लावलं.

गोदाबाई : हा तं चंदनच बोलून राहिला एकटा. कुत्री रॉकेटात बसली का आबा खोकते, मंग इचारते, ‘काबे, तिले उतरवाची सोय केली होती का नाई?’ मांगं ने जरा.

प्राजक्ता : नाई सापडत. काढलं त्यानं. आयकणाऱ्यायनं लिवलं होतं तसं.

गोदाबाई : काय लिवलं होतं? वाच.

प्राजक्ता : ‘माहिती छान, पण अंतराळाच्या इतिहासात हे आजोबा कशाला?’ ‘खोकणाऱ्या काकांना आवरा.’ ‘गंभीर विषयात ही वऱ्हाडी भाषा कानाला टोचते.’

गोदाबाई : हे लोक काय कधी खोकत नाईत? साऱ्यायनं असंच लिवलं?

प्राजक्ता : तेल्हाऱ्याची एक बाई हाये. ‘आजोबांचा प्रश्न ऐकला आणि शिलाई मशीन थांबवून बसून राहिले. माझे वडील असेच विचारायचे.’

गोदाबाई : तिचं नाई आयकलं यानं. बलाव त्याले.

(चंदन येतो. घागरीकडे पाहत नाही.)

चंदन : आजी, तवा आबा होते ना. वाटलं, पुन्हा कवाबी बोलवू माइकवर.

गोदाबाई : मूळचं कुठी ठेवलं?

चंदन : नाई ठेवलं. मोबाईल भरला होता, पुसून टाकलं.

प्राजक्ता : चंद्राच्या गोष्टीतला आबायचा आवाजबी?

चंदन : सारंच.

प्राजक्ता : आत्याच्या लग्नाची कॅसेट हाये ना आपल्यापाशी...

गोदाबाई : त्यात बँड वाजते नुसता. आबाले ठाऊक होतं का रे हे?

चंदन : दिवाळीत आयकत होते. म्हणे, ‘मी कुठी गेलो बे यातून?’ मी म्हटलं, नेट खराब हाये.

गोदाबाई : मंग?

चंदन : मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहिलं त्यायनं. आजी, मार मले. काहीतरी बोल.

गोदाबाई : मारून काय होते? ती कुत्री वरतीच मेली, हे सांगताना रडला होता तू. मी फुलं ओवून राहिली होती, माह्या हातातली सुई थांबली. म्हटलं, पोरगं मायाळू निंगालं.

चंदन : आजी...

गोदाबाई : रॉकेटवाल्यायनं तं रस्त्यावरची कुत्री धाडली होती, चंदन. तू घरातलं माणूस धाडलं.