आबांचा जादाचा महिना

म्हाताऱ्या माणसाची सोय कशी लावावी, ते आमच्या वडगावच्या पंचांकडून शिकावं. छत्तीस सालची गोष्ट. शेजारच्या आबांना दोन मुलं, दोघंही कॅनॉलच्या पाण्यावर ऊस काढणारी. पंचांनी ठरवून दिलेलं, की आबांनी एक महिना थोरल्याकडं जेवायचं आणि एक महिना धाकट्याकडं.

त्या साली भादवा अधिक आला, आणि पंचाईत झाली.

थोरला म्हणाला, "माझी पाळी श्रावणात संपली."

धाकटा म्हणाला, "माझा खरा भादवा. ह्यो जादाचा हाय, कुणाचाच न्हाय."

पंच दोन दिवस विचार करत बसले. तेवढे दिवस आबा आमच्याकडं जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घोंगडी उचलली.

"कुठं निघालात, आबा?" मी विचारलं.

"इंदापूरला, लेकीकडं. धोंड्याचा महिना हाय, जावयाला जेवायला बोलवावंच लागतंय. त्याच्यासंगं मीबी यीन."

आणि खरंच आले. दोन्ही घरी जावयाशेजारी आबांचा पाट मांडला. सुना आग्रहानं पुरणाचे धोंडे वाढत होत्या, मुलं पुण्य जोडत होती.

हात धुताना आबा मला हळूच म्हणाले, "पोराच्या घरी पाव्हणं म्हणूनच जावं रं. तूप मिळतंय."