झालरीचा फ्रॉक

लाँड्रीवाला : ...तर मिशी काढायची. दोन्ही बाजूंची! मागाहून रडायचं नाही.

टेलर : काढीन. आणि तू हरलास तर मी शिवलेला झालरीचा फ्रॉक घालून तुझ्या लाँड्रीपासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जायचं. भरदिवसा.

लाँड्रीवाला : जातो की! मी कशाला हरतोय? तुझा तो गुप्तरोग अजून अंगातच बसलाय, लिहून घे.

टेलर : गेलाय म्हणतो ना! इंजेक्शनं झाली, रक्ताचा रिपोर्ट दोनदा साफ आला.

लाँड्रीवाला : हळू बोल लेका, भिंतींना कान असतात. रोग गेला, मग दोन महिने हे पुरळ कशाचं? पाहुणं म्हणून राहिलंय?

टेलर : तेच तर कळेना. माझ्या पायी हिलाही इंजेक्शन घ्यावं लागलं. बहिणीकडे जाऊन बसलीय. म्हणते, पुरळ गेल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही.

लाँड्रीवाला : वहिनींचं काय चुकलं? बाहेरगावी कामाला गेलास आणि शेण खाऊन आलास.

टेलर : खाल्लं. तिच्यासमोर कबूल केलं, तुझ्यासमोर केलं. आता काय, ढोल बडवू?

लाँड्रीवाला : नको बाबा. मळके कपडे ठेव इथं. तुझे मी वेगळे धुतो, खास! काळजी सोड.

(आठ दिवसांनी, लाँड्रीच्या दारात. टेलरच्या हातात कागदी पिशवी.)

टेलर : धर. गुलाबी आहे. छाती बेचाळीस, पोटाचं माप विचारू नकोस.

लाँड्रीवाला : ओ शहाणे, आधी अंग दाखवा!

टेलर : बघ. पाठ बघ, पोट बघ.

लाँड्रीवाला : आयला, लख्ख! कुठलं मलम?

टेलर : मलम नाही, आरसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग गेलाय, पण तुमच्या अंगाला काहीतरी बाधतंय, शोधा. मग आरशासमोर उघडा उभा राहिलो. पुरळाची खांद्यावर दोन इंच पट्टी, गळा खोल, बाही नाही. वीस वर्षं कापड बेततोय मी, गड्या! माझ्या अंगावर अख्खा बनियन उठला होता!

लाँड्रीवाला : बनियन?

टेलर : सहा दिवस घातलाच नाही. पुरळ उतरलं. आता खरं बोल, माझ्या बनियनला काय करतोस?

लाँड्रीवाला : ...ब्लीच.

टेलर : किती?

लाँड्रीवाला : सगळ्यांना टाकतो तेवढंच. म्हणजे... त्याच्या पाचपट. आणि खळबळून काढत नव्हतो, असर राहावा म्हणून. म्हटलं, जंतू मरू देत, मित्राचा संसार वाचू दे.

टेलर : जंतू कधीच मेले होते, मित्र सोलून निघाला! चल, चढव फ्रॉक.

वहिनी : भावजी, हात आधी घाला, डोकं मग. नाहीतर शिवण उसवेल.

लाँड्रीवाला : वहिनी! तुम्ही कधी आलात?

वहिनी : मघाशीच. हे बहिणीच्या दारात येऊन उभे राहिले. पाठ दाखवली, सगळं सांगितलं, आणि म्हणाले, तमाशा बघायला तरी चल.

लाँड्रीवाला : बघा मग! सरका रे, सरका, वाट द्या! काय आजी? हो, फ्रॉकच आहे. पैज हरलो! कसली? अहो, मला वाटायचं मला गुलाबी शोभणार नाही! ए पोरींनो, हसता काय, मापं घ्या! काय गुरुजी, तुम्हाला पण शिवायचाय? रांगेत या!

टेलर : ऐकलंस? अख्खी गल्ली खोदून खोदून विचारतेय. एक अक्षर बाहेर काढलं नाही पठ्ठ्यानं.

वहिनी : ऐकतेय. अगं बाई, नळाशी गिरकी घेतली! पोट दुखलं माझं हसून.

टेलर : किती दिवसांनी हसलीस.

वहिनी : पुरळ गेलं म्हणजे सगळंच गेलं, असं नाही हं.

टेलर : माहीत आहे.

वहिनी : माझी बॅग बहिणीकडे आहे. जड आहे, एकटीला उचलत नाही.